तुळसाबाईचं भोपाळ, आमचं भोपाळ

तुळसाबाई गेली त्याला आता सहा आठवडे होतील. रंजनाचा, तिच्या मुलीचा, फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले असतील. मी चहाचा दुसरा कप घेऊन पेपर चाळत बसले होते. "म्याडम, आई गेली जी," एवढंच ती म्हणाली. मागून कुणी बाईनं हिंदीत विचारलं, "किसको लगाया?" रंजना म्हणाली, "मम्मी की सहेली को." मी काय बोलले ते मला आठवत नाही. 'सहेली' हा शब्द मात्र तेवढा कानात राहिला... कारण मी त्या शब्दाला लायक होते की नाही, याचा हिशोब तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

पहाटेपासून तिला दम लागला होता. दवाखान्याच्या गाडीसाठी तीनदा फोन केला. प्रत्येक वेळी पलीकडचा माणूस विचारी, "रस्ता कौन सा है, लैंडमार्क बताओ." वस्तीला रस्ताच नाही, तर खूण कसली सांगणार? शेवटी शेजाऱ्यांनी तिला खाटेवर घालून पक्क्या सडकेपर्यंत नेलं, तिथे एक रिक्षा मिळाली, आणि दवाखान्याच्या वाटेवर, सोनागिरी वसाहतीच्या अलीकडे कुठेतरी रंजनाच्या मांडीवर ती गेली. चौसष्ट-पासष्ट वय. आयुष्यभर सिमेंटची धूळ छातीत घेतलेली बाई. दाखल्यावर लिहिलंय, हृदयक्रिया बंद पडल्यामुळे. हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते. ती कशामुळे पडली, ते लिहायला त्या कागदावर जागा नसते.

तुळसाबाईची आणि माझी गाठ पडली आमच्या घराच्या बांधकामावर. पंचवीसेक वर्षं झाली असतील. भोपाळच्या अवधपुरीत तेव्हा नुसते आखलेले प्लॉट होते आणि मधून मधून उभी राहणारी घरं. एका दुपारी मी आणि माझे यजमान काम बघायला गेलो होतो. मी यांना म्हटलं, "अहो, हिला सांगा ना, वाळू नीट चाळून घे म्हणावं." यांनी हिंदीत वाक्य जुळवायच्या आत ती घमेलं खाली ठेवून म्हणाली, "चाळूनच राहिली बाई मी. हे पाहा ना, खडे बाजूले काढले."

मी थक्क झाले. मराठी! विचारलं, "कुठली गं तू?"

"आमी भंडाऱ्याकडचे जी. पन माहा जलम इथलाच. आन् तुमी?"

"आम्ही नागपूरचे. माझाही जन्म इथलाच."

"मंग तं आपन एकाच बाजूचे झालो," ती हसून म्हणाली, आणि घमेलं उचलून पायाच्या खड्ड्याकडे गेली.

एकाच बाजूचे... नंतर कितीतरी वर्षं, ती जवळपासच्या बांधकामावर असली की, आम्ही दोघी दुपारच्या चहाला मागच्या पायरीवर बसून हेच बोलत राहिलो. तिचे वडील आणि माझे वडील साधारण एकाच सुमाराला भोपाळला आले. राज्यांच्या सीमा बदलल्या, राजधानी नागपुराहून भोपाळला आली, आणि कचेऱ्यांबरोबर माझे वडील आले. हातात बदलीचा हुकूम, प्रवासाचा भत्ता, पेट्यांत भरलेल्या फायली, इथे उतरल्यावर सरकारी क्वार्टर. त्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं भावंडं वाढलो, शाळेत गेलो, गणपतीत नाटकं केली. लहानपणापासून आम्ही एकच ऐकलं: आपण किती सोसलं! नागपूर सोडलं, सगेसोयरे सोडले, या परमुलखात येऊन नव्यानं सगळं उभं केलं. वडील कारकून म्हणून आले आणि सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. मी शिक्षिका झाले, भाऊ इंजिनीयर झाला. आमच्या सोसण्याची गोष्ट आम्ही प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत सांगत आलो.

तुळसाबाईचे वडील मुकादमाबरोबर आले. मोठ्या सरकारी कारखान्याची जमीन सपाट करायची होती, माती खोदायला माणसं हवी होती. मुकादमानं भंडारा जिल्ह्यातल्या गावागावांतून माणसं गोळा केली आणि आणून सोडली. भत्ता नाही, क्वार्टर नाही. नाल्याच्या काठी ताडपत्री बांधून राहिले. तिथेच तुळसाबाई जन्मली. "बाबानं पाया खोदला, भराव टाकला, भिंती चढवल्या," ती सांगायची. "मंग कारखाना पुरा झाला, गेट उभं राहिलं, आन् बाबाले गेटाच्या बाहेर ठेवलं. पास नोयता ना." आतमध्ये कामगारांसाठी घरं झाली, शाळा झाली, दवाखाना झाला. ज्यांनी ते बांधलं त्यांच्यातल्या एकालाही आत घर मिळालं नाही, कारण ते कारखान्याचे नव्हते, ठेकेदाराचे होते. आणि ठेकेदार तोवर दुसऱ्या कामावर निघून गेला होता.

मी हे ऐकून हळहळायची. हळहळणं सोपं असतं. आमच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा पन्नास-साठ माणसं जेवायला होती, सगळी आमची, फायलींबरोबर आलेली. तुळसाबाईला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. मागच्या दारी उभं करून साडी दिली, लाडू दिले, आणि वर आपण किती चांगलं वागलो म्हणून खूषही झाले. तिनं साडी घेतली. मग शांतपणे म्हणाली, "बाई, या घराचा पाया म्या भरला. कोनत्या खोलीत किती विटा लागल्या ते बी मले ठावं आहे. काल पुढच्या दारानं येऊ देल्लं असतं, तं तुमचं घर बाटलं असतं का?"

आम्ही दोघी एका वयाच्या. ती मला 'तुमी' म्हणायची आणि मी तिला 'तू'. हे कुणी ठरवलं होतं? पुढे मी मुद्दाम 'तुम्ही' म्हणून पाहिलं, तर ती खो खो हसली. "आता काहून परकं करता जी?" म्हणाली. इतक्या उशिरा दिलेला मान तिला परकेपणासारखा वाटला, यात तिचा काय दोष?

रंजना माझ्याकडे शिकायला यायची. मुलगी फार हुशार. बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली, नर्सिंगला जायचं म्हणाली. राखीव जागेसाठी जातीचा दाखला हवा होता. इथल्या कचेरीत सांगितलं, पन्नास सालाच्या आधी तुमचे पूर्वज या राज्यात राहत होते याचा कागद आणा; तुम्ही तर महाराष्ट्राच्या, तिथून दाखला काढा. तुळसाबाई चार दिवसांची मजुरी बुडवून भंडाऱ्याला गेली. तिथे म्हणाले, मुलीचा जन्म भोपाळचा, आईचा जन्म भोपाळचा, तुम्ही मध्य प्रदेशच्या, तिकडेच जा. आता मी नागरिकशास्त्र शिकवलेली बाई आहे. ज्या सालाचा कागद ते मागत होते, त्या साली भंडारा मध्य प्रदेशातच होता! नागपूर तर राजधानी होती! म्हणजे तिचे वाडवडील मध्य प्रदेशातच राहत होते. छप्पन साली सीमारेषा हलली आणि त्यांचं गाव पलीकडे गेलं. पण रेषा हलली तेव्हा माझ्या वडिलांच्या हातात हुकूम होता आणि तिच्या वडिलांच्या हातात फावडं होतं. फावड्याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही.

मी तिच्याबरोबर कचेरीत गेले. त्या बाबूनं मला बघताच खुर्ची दिली. तुळसाबाई उभीच. मी म्हटलं, "इनको भी कुर्सी दीजिए." तो म्हणाला, "अरे मैडम, आप बैठिए ना, आप तो यहीं की हैं." मी म्हटलं, "हम दोनों यहीं पैदा हुए हैं. दोनों के पिताजी एक ही तरफ़ से आए थे." तो हसला. मी काही विनोद केला असावा असं हसला. माझ्या मुलाचा मूळनिवासी दाखला याच कचेरीतून निघाला होता. मला तिथे पाऊलसुद्धा टाकावं लागलं नव्हतं, वडिलांच्या ओळखीच्या माणसानं घरी आणून दिला होता. रंजनाचा दाखला आला नाही. फेऱ्या मारता मारता प्रवेश बंद झाले. आज ती एका खासगी रुग्णालयात आया आहे. जिनं इंजेक्शन द्यायचं, ती रुग्णांची भांडी उचलते. आणि आमच्याकडच्या बायका कौतुकानं म्हणतात, "बघा, झुग्गीतली मुलगी, पण किती टापटीप राहते!"

मग झुग्गीचीही वेळ आली. अवधपुरी भरत गेली, घरांच्या किमती चढल्या आणि नाल्याकाठची तुळसाबाईची झोपडवस्ती कॉलनीच्या डोळ्यांत खुपायला लागली. ती हटवावी म्हणून अर्ज फिरला. आमच्याकडे आला तेव्हा मी बाजारात गेले होते. यांनी सही करून टाकली. मी भांडले. हे म्हणाले, "अगं, सगळ्यांनीच केली. आणि त्यांना दुसरीकडे जागा मिळणारच आहे की." जागा मिळाली. शहराबाहेर, उघड्या माळावर, जिथून कामाच्या नाक्यावर यायला दीड तास आणि दोन बस लागतात. सही कुणाकुणाची आहे ते तुळसाबाईला कळलं होतं की नाही, हे मी कधी विचारू शकले नाही. सामान ट्रकमध्ये चढवताना ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलली, हेच माझ्या जिवाला जास्त लागलं.

ती वारली तेव्हा मला वाटलं, आपल्या मराठी मंडळाच्या सभागृहात तिच्यासाठी तासभर जमावं. भोपाळमध्ये जन्मलेली, मराठी बोलणारी, कष्ट करून गेलेली बाई. मंडळाच्या सचिवांना फोन केला. ते अगदी गोड बोलले. "ताई, भावना समजते. पण त्या आपल्या सदस्य नव्हत्या ना. उद्या सगळ्यांच्याच मोलकरणींसाठी हॉल मागतील लोक."

"ती मोलकरीण नव्हती," मी म्हटलं. "तिनं घरं बांधली. तुम्ही राहता त्या गल्लीतली तीन घरं तरी तिच्या हातची आहेत."

"तेच ते हो, ताई," ते म्हणाले.

तेच ते! माझे वडील गेले तेव्हा याच सभागृहात दोन तास भाषणं झाली. प्रत्येक वक्ता म्हणाला, या पिढीनं भोपाळ घडवलं. माझे वडील सज्जन होते, मन लावून नोकरी करणारे होते. पण त्यांनी उभ्या आयुष्यात एक वीट उचलली नव्हती. ज्यांनी हे शहर शब्दशः घडवलं, डोक्यावर वाहून घडवलं, ते सदस्य नव्हते. तीस वर्षं मी या मंडळाची सदस्य आहे. 'परप्रांतातला मराठी माणूस' या विषयावर मी स्वतः तिथे भाषण केलंय. त्यात तुळसाबाईचं नाव नव्हतं. मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही... त्याच दिवशी मी राजीनामा लिहून पाठवला. यजमान म्हणाले, "तुझ्या राजीनाम्यानं काय होणार?" काही होणार नाही, मलाही ठाऊक आहे. पण त्या खुर्च्यांवर बसून आमच्या सोसण्याची गोष्ट पुन्हा ऐकणं आता मला जमणार नाही.

मागच्या रविवारी मी तिच्या वस्तीत गेले. रिक्षा पक्क्या सडकेवर थांबली. पुढचं अंतर, जिथून तिला खाटेवर आणलं होतं, ते मी चालत गेले. एकच खोली, वर पत्रा, विटांच्या उघड्या भिंती. पण दोन भिंतींना प्लास्टर होतं, इतकं सफाईदार की हात फिरवावासा वाटला. तिसऱ्या भिंतीचं काम अर्ध्यावर थांबलेलं. खालचा भाग गुळगुळीत, आणि माझ्या छातीइतक्या उंचीवर ते संपत होतं. वरच्या कडेला थापीचे फटकारे आखूड आखूड होत गेलेले दिसत होते.

"आईनंच केलं," रंजना म्हणाली. "काम सुटलं तवापासून रोज थोडं थोडं. शेवटी उभं राहवत नोयतं, तं डब्यावर बसून करे. दम लागला का थांबे, मंग पुन्हा. म्हने, जनमभर लोकायच्या भिंती केल्या, एक घर तं आपलं पुरं करू."

दरवाज्याबाहेर कुणीतरी नुकताच लाल रंगानं आकडा टाकला होता. विचारलं तर म्हणाली, पुन्हा मोजणी झाली. इथून मोठा रस्ता जाणार म्हणतात, जागेच्या पट्ट्याचे कागद अजून कुणालाच मिळालेले नाहीत. कोपऱ्यात सिमेंटचं अर्धं पोतं होतं, पाण्याची बादली होती, आणि रंजनानं पदर खोचलेला होता. ती रुग्णालयातून सुट्टी घेऊन भिंत पुरी करायला बसली होती.

"अगं, उद्या पुन्हा उठवलं तर?" मी म्हटलं.

तिनं माल कालवता कालवता वर पाहिलं. डोळे अगदी आईचे. "उठवतीन ना, म्याडम. पन उठवायले येतीन तवा त्यायले पुरं घर पाडा लागन. अर्धं नाही."

मग ती भिंतीशी उभी राहिली, आणि जिथे तुळसाबाईचा हात थांबला होता त्या रेषेवर तिनं थापी टेकवली.