माझ्या लेकीसाठी वेगळं पोतं

रविवारी वाटूरला चुलत दिराच्या बाळाचं बारसं होतं. गेले हौसेनं, परत आले तणतणत... अजून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय.

माझी ओवी सात वर्षांची. तिला जुनी बद्धकोष्ठता आहे. आत शी घट्ट साठून राहते आणि तिच्या बाजूनं पातळ गळतं, तिला कळतही नाही. सगळे तिला आळशी म्हणाले. जुलाब समजून ते बंद व्हायच्या गोळ्याही कुणी कुणी सुचवल्या, दिल्या... त्यानं दुखणं आणखी वाढलं!

शेवटी जालन्याच्या बालरोगतज्ज्ञांनी नीट तपासलं. रोज पाण्यातून शी मऊ करणारी पावडर, तीही कित्येक महिने, आणि सोबत फिजिओथेरपी. जोर लावताना ओवी खालचे स्नायू उलट आवळून धरायची. फिजिओच्या मॅडम तिला पायाखाली स्टूल घेऊन, पोट सैल सोडून, साबणाचे फुगे उडवत संडासला बसायला शिकवतात; फुंकताना ते स्नायू आपोआप सैल पडतात. हळूहळू फरक पडतोय, त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे.

तर बारशाला सगळ्या बायका सतरंजीवर... आणि मोठ्या जाऊबाईंनी ओवीसाठी कोपऱ्यात खताचं रिकामं पोतं अंथरलं. म्हणे, "सतरंजी मागून आणलेली हाय, खराब व्हईल."

मी उपचारांचं सांगायला गेले, तर म्हणाल्या, "हगाया शिकवाया बी डॉक्टर लागून राह्यला का आता?" सगळ्या खो खो हसल्या. पोरगी मान खाली घालून पोत्यावर बसलेली. माझं टाळकंच सरकलं. हा आजार आहे, घाणेरडेपणा नाही, असं तिथंच सुनावलं आणि पाळणा हलताच पिशवी उचलली.

निघताना त्याच जाऊबाई अंगणात मागे मागे आल्या. आवाज एकदम खाली. "आमच्या धाकट्याला बी असंच होऊन राह्यलं गं... लई मारलं मी त्याला. तू कुठं दाखवलं?"

म्हटलं, "पत्ता देते. पण आधी आत चला, आणि सगळ्यांसमोर ओवीला तुमच्या शेजारी बसवा."

नेलं त्यांनी तिला हाताला धरून. सतरंजीच्या काठाशी ओवी थबकली आणि वळून मला म्हणाली, "आई, मी बसू का गं?"

सात वर्षांच्या लेकराला नुसतं बसायलाही परवानगी मागावी लागावी?

पत्ता मी दिला, त्या मार खाल्लेल्या पोरासाठी. जाऊबाईंना मात्र अजून माफ केलेलं नाही.