बाईंची उलटी पाटी

दुपारचे दोन वाजले की आमच्या जिंतूरच्या वाचनालयातल्या बाई स्टुलावर चढायच्या आणि भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही पाटी उलटी करायच्या. मागे तेलरंगात त्यांनीच लिहिलं होतं, ‘बोला’.

पुस्तक देताना मुलगी सासरी धाडल्यासारखा चेहरा करणारे ग्रंथपाल तुम्हीही पाहिले असतील. बाईंचं वेगळंच. कुणी दारात आलं की म्हणायच्या, "आदी काम सांगा. पुस्तक मागून." शिंप्याला कटिंगचं पुस्तक मिळायचं, पिठाच्या गिरणीवाल्याला इंजिनाचं. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, गाड्या कधी चालू कधी बंद. तरी बाई परभणीहून पिशवी भरून पुस्तकं आणायच्याच.

मी विहिरीवरच्या मोटारी भरायच्या दुकानात कामाला होतो. जळालेल्या मोटारीत नवी तार भरणं मला डोळे मिटून जमायचं, पण वायरमनच्या परीक्षेत दोनदा आपटलो होतो. मालकाने सांगून टाकलं, "औंदा लायसन न्हाई आणलं, तर दुसरा माणूस बघतो." त्यात माझं लग्न ठरलेलं.

बाईंनी वायरमनचं पुस्तक हातात दिलं. "मोठ्यानं वाचा. दोन वाजलेत." मी वाचू लागलो आणि गडबडीत ‘भूसंपर्कन’च्या जागी ‘भूसंपादन’ वाचलं. तेही खणखणीत आवाजात.

पेपर वाचत बसलेले एक पाटील ताडकन उठले. "कुणाची जमीन जायलीय?"

आमच्या भागात धरणाला जमिनी गेलेल्या. हा शब्द ऐकला की माणसं हातातलं काम टाकून धावतात. मी तोंड उघडायच्या आत पाटील बाहेर. थोड्याच वेळात अर्धा बाजार वाचनालयात. "नोटीस दाखवा! नोटीस कुठंय?"

बाई टेबलावर डोकं टेकवून हसत होत्या. मग पदराने डोळे पुसत त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "नोटीस यांच्यापाशी हाय. सांगा, मास्तर."

मास्तर म्हणे! मी दाराकडे पाहिलं. पण कुणी हलेना, तेव्हा सांगावंच लागलं. मोटारीच्या बॉडीत करंट उतरला, तर तो माणसाच्या अंगातून जाऊ नये म्हणून तारेने त्याला जमिनीत वाट करून द्यायची. खड्डा खणायचा, कोळसा-मीठ घालायचं. अर्थिंगच ते, पुस्तकातलं नाव तेवढं भूसंपर्कन.

"म्हंजे जमीन जात न्हाई, करंट जमिनीत जायलाय?" पाटलांनी विचारलं.

"तसंच."

"मग उद्याच माझ्या मोटारीला लाव की! लय झटके देती."

परीक्षेत तोंडी प्रश्न आला, भूसंपर्कन म्हणजे काय? मला हसू आवरेना. साहेब चिडले, "हसताय काय?" मी उत्तर दिलं आणि पाटलांची गोष्टही सांगितली. साहेबांचा चहा बशीत सांडला. मी पास झालो. पेढे आधी बाईंना, मग सासुरवाडीला.

पुढे बाई निवृत्त होऊन मुलाकडे नांदेडला गेल्या आणि तिकडेच वारल्या. त्यांची आठवण आली की मला आधी हसूच येतं.

वाचनालयाच्या नव्या इमारतीचं वायरिंग मीच केलं. अर्थिंगच्या खड्ड्यात स्वतः उतरलो. शेवटच्या दिवशी सामान आवरताना भिंतीकडे लक्ष गेलं. बाईंचीच जुनी पाटी, ‘शांतता राखा’, आता चारही कोपऱ्यांत स्क्रूने आवळून बसवलेली.

दोन वाजत आले होते. मी स्टूल ओढलं. पेचकस खिशात होताच.