स्वीपच्या हातातला पाना

मंडळी, "आम्ही कुणालाही मागे सोडत नाही" असं जॅकेटच्या पाठीवर छापून घेणाऱ्या बाइक ग्रुपमध्ये मी आहे. आज ती पाठ लांब जाताना बघितली.

रविवारची नेहमीची राइड होती. पेरुंगुडीहून निघायचं, महाबलीपुरमला इडली खायची आणि परत. ओळीत सगळ्यात मागे असतो तो स्वीप. कुणी अडकलं तर त्याच्याबरोबर थांबायचं, एवढंच त्याचं काम. आजचा स्वीप कार्तिक.

कोवलमच्या पुढे माझी चेन उतरली. कार्तिक थांबला. माझ्याकडून पाना मागून घेतला, चेनपाशी गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "मच्चा, एक फोटो काढ." (मच्चा म्हणजे इकडचं 'मित्रा'.) मी काढला. मग म्हणाला, "अजून एक, हेल्मेट दिसू दे." तोही काढला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. इडली आली होती आणि ग्रुप फोटो त्याच्यासाठी अडला होता. "मेकॅनिक पाठवतो," म्हणत तो गेलाही.

उन्हात बसून मी व्हॉट्सॲप उघडलं. मीच काढलेला फोटो, खाली "ब्रदर्स फॉरेव्हर". ॲडमिनला कार्तिकचा अभिमान वाटत होता. बाकीच्यांनी बदाम पाठवले होते. गाडी सुरू झाली का, हे एकानेही विचारलं नाही.

मेकॅनिक आला नाही. शेवटी टेम्पोत गाडी टाकून घरी आलो.

तुमच्याकडेही असले भाऊ आहेत का? फोटो खाली टाकलाय, नीट बघा. चेन मी स्वतःच चढवली असती, पण कार्तिकच्या हातात दिसतोय तो पाना माझा आहे. साहेब तो घेऊनच इडली खायला गेले.