बर्फाचा स्वेटर

नणंदेच्या लग्नात बर्फाची अख्खी लादी मी स्वतःच्या हातांनी, डोकं लावून वितळवली. डोकं लावून, हे महत्त्वाचं. वैशाखात आमच्या सौंदडच्या बाजूला बर्फ वितळायला अक्कल लागत नाही, नुसता ठेवला तरी होतं. मी अक्कल लावली, म्हणून तो लवकर वितळला.

आठवायचं कारण आमची नात. सातवीत आहे. परवा तिला शाळेतून मोबाइलवर प्रश्न आला: बर्फाचे दोन सारखे तुकडे, एक लोकरीत गुंडाळलेला, एक स्टीलच्या ताटलीत उघडा, आधी कोणता वितळेल? पोरीनं विचार न करता लोकरीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, शोभतेस खरी माझी नात. मग तिला फ्रीजमधून बर्फ काढायला लावला, माझा जुना मफलर दिला, आणि ती दोन तुकड्यांपुढे पाटावर बसली आहे तोवर मी हे लिहून काढते.

त्या वेळची मी म्हणजे एक नमुना होते. गोंदियाला बी.एस्सी. केलेलं, लग्नाला वर्ष व्हायचं होतं आणि मान अशी ताठ की पदर डोक्यावर टिकत नसे. पोवारांच्या घरात शिकलेली सून आली म्हणून गावातल्या बाया बघायला येत, आणि मी त्यांना बघू देत असे. प्रत्येक गोष्टीचं शास्त्रीय कारण माझ्याकडे तयार. सासूबाई भाताचा गंज, म्हणजे पातेलं, फडक्यानं धरून चुलीवरून उतरवायच्या, तर मी मागे उभी राहून सांगायची की कापड हे उष्णतेचं दुर्वाहक आहे. त्या म्हणायच्या, "मंग त्याले कापडच म्हन ना."

शेजारच्या गावच्या शाळेत तेव्हा विज्ञान शिकवायला बाई हवी होती. संस्थेचे सचिव सासऱ्यांच्या ओळखीचे. शाळा उघडायच्या आत हो-नाही कळवा, म्हणाले होते. सासऱ्यांची हरकत नव्हती. नवऱ्याला मत नव्हतं. आणि घर चालायचं सासूबाईंच्या शब्दावर. लोकांच्या पोट्ट्यांना शिकवून आपल्या घरात काय येणार, हा त्यांचा एकच सवाल, आणि त्याला माझ्या एकाही पुस्तकात उत्तर नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, माह्या पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू. मी मनात म्हटलं, ठीक आहे, याच लग्नात दाखवते शिक्षण घरात काय कामाचं असतं. दाखवलंच.

वऱ्हाड गोंदिया शहरातलं. शहरातल्या माणसांना थंड पाजायचं म्हणून सासूबाईंनी बर्फाची लादी मागवली होती, आणि तसं अर्ध्या गावाला सांगूनही ठेवलं होतं. लहान दीर सकाळीच टेम्पोतून लादी घेऊन आला. धानाच्या भुशात गच्च दाबलेली, वरून गोणपाट, त्यावर सुतळी. आमच्याकडे राइस मिलचा भुसा काय, हवा तेवढा. त्यानं ती नेऊन धान साठवायच्या ढोलीमागे अंधाऱ्या खोलीत ठेवली. मातीच्या भिंती, खिडकी नाही. जागा उत्तम होती, हे मी आज सांगते. तेव्हा मला ती गलिच्छ वाटली.

मी म्हटलं, काढा तो भुसा.

दीर दहावीला विज्ञानातच आपटलेला. त्याला कारण ठाऊक नव्हतं, पण निरोप ठाऊक होता. "वहिनी, कारखानेवाला म्हने का भुसा काढू नोका."

"भाऊजी, स्वेटर घातला की तुम्हाला गार वाटतं का गरम?"

"गरम."

"मग बर्फाला स्वेटर घालून कसं चालेल?"

बिचाऱ्यानं सुतळी सोडायला घेतली. माझ्या विद्वत्तेपुढे माघार घेणारा तो पहिला माणूस, म्हणून मला तर शिंगं फुटायचीच बाकी राहिली. कापड दुर्वाहक, लोकर दुर्वाहक, भुसा दुर्वाहक, ही यादी मला झोपेतून उठवून विचारली असती तरी आली असती. पण दुर्वाहक गोणपाट होऊन समोर पडला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. स्वेटर स्वतः तापत नाही, तो फक्त उष्णतेची ये-जा अडवतो. आत माणूस असेल तर त्याची ऊब आत राहते, आत बर्फ असेल तर बाहेरची झळ बाहेर राहते. एवढं सोपं आहे. बी.एस्सी.ला सोपं विचारत नसत.

मग मी पुढची अक्कल लावली. लादी विहिरीच्या पाण्यानं स्वच्छ धुतली. कल्हई केलेल्या भल्यामोठ्या पितळी परातीत ठेवली, कारण पितळ हाताला थंड लागतं. परात नेली पडवीत, टिनाच्या छपराखाली, कारण तिथं वारा. तो वारा कसला, तर दुपारची भाजणारी लू. तोही कमी पडेल म्हणून नवऱ्याचा टेबलफॅन आणून लादीच्या तोंडासमोर लावला. उष्णता जायला-यायला वाटा तीनच: वहन, अभिसरण, प्रारण. परातीतून एक, पंख्यातून दुसरी, तापलेल्या टिनातून तिसरी, अशा मी तिन्ही वाटा झाडून, सडा घालून मोकळ्या करून दिल्या आणि हळद दळणाऱ्या बायांत जाऊन बसले. तिथं मी त्यांना बाष्पीभवन समजावत होते.

वऱ्हाड आलं तेव्हा परातीत साबणाच्या वडीएवढा बर्फ उरला होता. बाकीचं पाणी पडवीतून अंगणात गेलेलं, आणि तिथं कोंबड्या माना वर करकरून पीत होत्या. त्या लग्नात पोटभर थंड पाणी मिळालं ते फक्त कोंबड्यांना.

जांभळीच्या डहाळ्यांच्या मांडवात पाहुण्यांना लिंबाचं सरबत गेलं. नवरदेवाच्या मामानं एक घोट घेतला, पेल्यात पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "शरबत है या काढ़ा?" वऱ्हाड हसलं. सासूबाईही हसल्या, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते. अर्ध्या गावाला बर्फाचं सांगून बसलेली बाई ती.

स्वयंपाकघरात येऊन त्यांनी विचारलं, भुसा कोणी काढला. दिरानं माझ्याकडे पाहिलंही नाही, एवढा तो भला. मीच पुढे झाले. आणि माफी मागायची सोडून चार बायांसमोर पुन्हा स्वेटरचा सिद्धांत मांडला. उदाहरणासकट. सासरे दारात उभे होते. ते ऐकता ऐकता वळून मांडवात निघून गेले, तेव्हा मला कळलं की शाळा गेली.

दुसऱ्या दिवशी नवरी वाटेला लागली. मी अंगणात राखेनं तीच परात घासत होते. घासायची गरज नव्हती, पण मान वर करायला काही कारण सापडत नव्हतं. सचिव संध्याकाळी उत्तर विचारायला येणार होते. सासूबाई खाटेवर बसून सुपारी कातरत होत्या. मग अडकित्ता थांबला. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जाय तू शाळेत. तिथले पोट्टे लोकाचे हायेत. बर्फ माहा होता."