ज्यानं पाहिलं त्याला आणा

गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझी बहीण तिच्या दवाखान्यात खुर्चीवर बसलेली असताना वारली. समोर पेशंट होता. शेजारच्या टेबलाशी मी लिहीत होते. ती एकसष्ट वर्षांची होती.

पलीकडच्या खोलीतून तिचा सहायक डॉक्टर धावत आला. त्यानं तिला खाली घेतलं, छाती दाबायला सुरुवात केली आणि दाबता दाबताच विचारलं, ‘‘काकू, नेमकं काय झालं?’’ मी सांगितलं. पेन खाली ठेवलं. डावा हात टेबलावर टेकवला. ‘जरा थांबा’ म्हणाली. मग मान पुढे आली. हातपाय आखडले नाहीत, झटके आले नाहीत, तोंड वाकडं झालं नाही. मी घड्याळ पाहिलं, तेव्हा अकरा-दहा झाले होते. हे सगळं मी क्रमानं सांगितलं, कुठेही न अडखळता. तिचं हृदय बंद पडलं होतं. माझ्या सांगण्याचा तिला काही उपयोग नव्हता. पण असं सांगायची आणि लिहायची सवय मला पंचवीस-सव्वीस वर्षांची होती आणि ती तिनंच लावली होती.

ताई मेंदूची डॉक्टर होती. आमचे वडील धाराशिवकडून पिंपरीला आले, एका कंपनीत टर्नर म्हणून लागले आणि संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघी वाढलो. ती पुढचं शिक्षण संपवून परत आली तेव्हा वडिलांच्या खात्यातले लोक त्यांना चिडवायचे, ‘‘काय राव, पोरगी येड्यांची डॉक्टर झाली म्हणं?’’ वडील म्हणायचे, ‘‘व्हय. तुझा नंबर लावू का?’’ तेव्हा दापोडीच्या पुलाच्या अलीकडे, पिंपरी-चिंचवडच्या बाजूला, या विषयाचं कुणीच नव्हतं. फिट आली, लकवा मारला, की माणसाला रिक्षात घालून पुण्याला न्यायचं. तिच्या शिक्षकांनीही तिला समजावलं होतं, की तिथं कापलेली बोटं आणि खोकला, तुझं काय काम? तिनं चिंचवडला एका मेडिकलच्या वर दोन खोल्या घेतल्या. डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख काढणारं यंत्र आणलं. ते जिन्यावरून वर चढवताना खालचे दुकानदार बघायला जमले होते. एकानं विचारलं, ‘‘मॅडम, ह्याच्यात मनातलं दिसतं का?’’ ताई म्हणाली, ‘‘दिसलं असतं तर तुमच्या बायकोनंच विकत घेतलं असतं.’’

तिच्या दारावर एक पाटी होती : फिट ज्यानं पाहिली त्याला सोबत आणा. ज्याला फिट येते त्याला ती दिसत नाही. तो पडतो आणि उठतो. मधलं त्याच्याजवळ काहीच नसतं. फिट नसताना यंत्रावरही बहुतेक वेळा काही उमटत नाही. म्हणून पाहणारा माणूस हवा. गावाकडे तो आई असते, बायको असते. इथं तो शेजारच्या मशीनवरचा गडी असतो, नाही तर रूम पार्टनर. बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून ताईची मोठी ओपीडी गुरुवारी. मी एरवी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते. गुरुवारी मी तिच्या शेजारी बसून, पाहणारा जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायची. ‘‘तू सुधारत बसू नकोस,’’ ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. ‘‘तो ‘गुरगुरला’ म्हणाला तर ‘गुरगुरला’च लिही.’’

एकदा चाकणच्या प्रेस शॉपमधला, पत्रा दाबणाऱ्या यंत्रावरचा एक कामगार आला, बरोबर त्याचा रूम पार्टनर.

‘‘तुम्ही पाहिलंत?’’ ताईनं पार्टनरला विचारलं.

‘‘हो मॅडम, समोरच होतो. लई बेकार झालं.’’

‘‘बेकार म्हणजे काय? करून दाखवा.’’

‘‘मी?’’

‘‘मग काय मी?’’

‘‘इथं? खाली पडून?’’

‘‘फरशी आत्ताच पुसलीय.’’

‘‘लोळ की भावा जरा,’’ पेशंट म्हणाला. ‘‘रूमवर दिवसभर लोळतोसच ना.’’

‘‘गप ए. सुट्टीच्या दिवशी लोळवतोय मला.’’

तो आडवा झाला. आधी मान उजवीकडे वळवली, डोळे त्याच बाजूला फिरवले. मग उजवा हात कोपरात वाकवून वर नेला. मग सगळं अंग ताठ केलं आणि झटके द्यायला लागला. ‘‘अजून किती वेळ, मॅडम?’’ ‘‘त्या दिवशी जितका वेळ चाललं तितका.’’ तो करत राहिला. पेशंटचं हसू थांबलं होतं. पार्टनर उठून पँट झटकायला लागला तेव्हा त्यानं हळूच विचारलं, ‘‘मी असा करतो?’’

‘‘याच्यापेक्षा बेकार. आवाज मी कमीच काढला.’’

ताई माझ्याकडे वळली. ‘‘उजवीकडून सुरू. लिहिलंस?’’

मग तिनं त्याच्या कंपनीला पत्र दिलं. प्रेसवर नको, उंचीवर नको, भट्टीजवळ नको. बाकी सगळं काम हा करू शकतो. अशी पत्रं घेऊन सुरुवातीला ती स्वतः कंपन्यांच्या दारात गेली. फिट म्हटलं की माणसाला काढून टाकायची पद्धत होती आणि म्हणून माणसं ती लपवून प्रेसवर उभी राहायची. लपवू नका, असं तिनं शेकडो लोकांना सांगितलं. तिच्या शेजारी बसून मीही सांगितलं.

मला स्वतःला नऊ वर्षांची असल्यापासून फिट येते, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

पहिली आली तेव्हा मी चौथीत होते. शाळेच्या आधी ताई माझी वेणी घालत होती. मला कंगवा आठवतो आणि नंतर ओला फ्रॉक. मधलं तिनं पाहिलं. त्यानंतरच्याही बहुतेक तिनंच पाहिल्या, कारण त्या सकाळी जाग येतानाच्या वेळी यायच्या आणि झोपायला मी कायम तिच्या शेजारी. ती मेडिकल कॉलेजला गेली त्या वर्षांत आईनं पाहिल्या, पण आई डोळे झाकून रडायची, तिला काही सांगता यायचं नाही. माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा आईनं ताईकडून शब्द घेतला. हिचं नाव कुठल्या कागदावर यायला नको, सोयरीक होईपर्यंत तरी. ती काही झाली नाही. आई गेली. कागद तरीही झाला नाही. एकदा मी विचारलं तेव्हा ताई म्हणाली, ‘‘घरच्याला कशाला कागद? मी आहे ना.’’ गोळ्या ती स्वतःच्या नावानं खालच्या मेडिकलमधून आणायची.

आणखी एक विचारलं होतं. मी कशी करते? जगातल्या प्रत्येकाला फरशीवर लोळायला लावणारी माझी बहीण म्हणाली, ‘‘काही नाही गं. झोपल्यासारखी दिसतेस.’’ हे खोटं आहे ते मला कळत होतं. माझ्या जिभेच्या कडेला दात लागलेला असायचा. पण मी पुढे विचारलं नाही. करून दाखव, असं मी तिला म्हणू शकले नाही.

तेराव्यानंतर मी कपाटातल्या पट्ट्या काढल्या. एकोणीस दिवसांच्या गोळ्या होत्या. गोळी एकदम थांबली तर काय होतं, ते मी कितीतरी लोकांच्या तोंडून ऐकून लिहून घेतलेलं होतं.

त्याच आठवड्यात निगडीला शोकसभा झाली. या भागातली पहिली, कामगारांची डॉक्टर, हिनं आम्हाला लपवणं सोडायला शिकवलं, असं एकेक जण उठून बोलला. सहायक डॉक्टर माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘‘काकू, मॅडमचे सगळे पेशंट मी बघणार. एकही सुटणार नाही. फाइली लावायला घेतल्यात.’’ मी मान हलवली. त्या फाइलींत मी नव्हते. आणि आता सांगायचं म्हणजे नुसतं माझं गुपित सांगणं नव्हतं, तिचंही होतं. स्वतःचा नियम तिनं घरातच मोडला होता, आणि तो माझ्या बाबतीत मोडला होता.

मी आम्हा दोघींच्या निगडीच्या घरी बसून राहिले. गॅसपाशी उभं राहायची भीती वाटू लागली म्हणून दोन दिवस पोहे भिजवून खाल्ले. अंघोळीला जाताना दार लोटून घ्यायची आणि मग वाटायचं, इथे पडले तर कुणाला कळणार? तेव्हा लक्षात आलं की न्हाणीघराला आतून कडीच नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी ताईनं ती गंजली म्हणून काढली होती, नवी बसवलीच नव्हती. मग मी घर बघत फिरले. माझी कॉट भिंतीला लावलेली आणि बुटकी, तिची मात्र उंच. माझ्या टेबलाचे कोपरे तासून घेतलेले. चहाचं भांडं सकाळी कायम तिनंच चढवलेलं. मी हे सगळं तिची शिस्त म्हणून धरून चालले होते. काही सकाळी ती फिरायला जायची नाही, माझ्या कॉटशेजारी खुर्ची घेऊन पेपर वाचत बसायची. मी उठले की म्हणायची, ‘‘आज कंटाळा आला.’’ अशा, म्हणजे मला फिट येऊन गेलेल्या, सकाळी किती होत्या? मला आठवायला लागल्या. मागच्या दिवाळीनंतर एक. उन्हाळ्यात एक, की दोन? आणि त्याच सुमारास एक गोळी दीड झाली होती. ‘‘वयानं लागते,’’ ती म्हणाली होती.

चार दिवसांच्या गोळ्या उरल्या तेव्हा गुरुवार होता. मी दवाखान्यात गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘‘काकू, तुम्ही डायरेक्ट आत जा ना.’’ मी म्हटलं, नंबर दे. बाकावर दीड तास बसले. माझ्या दोन्ही बाजूंना दोघं-दोघं आलेले होते.

डॉक्टर मला बघून उभा राहिला. ‘‘काकू! बसा. कुणाला घेऊन आलात?’’

‘‘कुणाला नाही.’’

‘‘मग पेशंट?’’

‘‘मीच.’’

तो हसला, आणि माझा चेहरा बघून थांबला. मी सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

‘‘मॅडमनी केसपेपर केला नाही?’’ त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘‘काकू, एका पेशंटच्या भावाची हकीकत लिहायची राहिली म्हणून मॅडमनी मला ओपीडीतून बाहेर काढलं होतं. सगळ्यांसमोर.’’

‘‘मी होते तेव्हा.’’

त्यानं कोरा कागद घेतला. ‘‘कुठल्या बाजूनं सुरू होते?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘मान वळते? आवाज येतो?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘किती मिनिटं?’’

‘‘ताईला माहीत होतं.’’

त्याचं पेन थांबलं. मग मी त्याला कडी सांगितली, कॉट सांगितली, पेपर वाचायच्या सकाळी सांगितल्या, दीड गोळी सांगितली. तो लिहीत गेला. माझ्याच शब्दांत लिहीत होता. वायरी लावून आलेखही काढला.

‘‘स्वच्छ आलाय,’’ तो म्हणाला. ‘‘पण तुम्हाला माहितीय, याचा अर्थ...’’

‘‘काहीच नाही.’’

‘‘हो. पुढची येईल तेव्हा कुणीतरी पाहायला पाहिजे, काकू. गोळी मी आहे तीच चालू ठेवतो. वाढवू की कमी करू, बदलू की नको, हे मला आज सांगता येत नाही. सकाळी कुणी असतं घरी?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मोबाइलचा कॅमेरा लावून ठेवा तोवर.’’

मी विचार करते म्हणाले. ते एकटीनं बघायचं माझ्यानं होणार नाही, हे त्याला सांगितलं नाही.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई अकरा वर्षांपासूनची, निगडीतच गल्लीपलीकडे राहते. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, ‘‘तू नऊऐवजी सव्वासहाला येशील?’’

‘‘सव्वासहाला कुणासाठी स्वयंपाक, धाकट्या ताई? देवासाठी?’’

मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं. तो शब्द मी घराबाहेरच्या माणसासमोर दोन दिवसांत दुसऱ्यांदा बोलत होते.

‘‘अगं बाई,’’ ती म्हणाली. ‘‘कांदा हुंगवायचा ना?’’

‘‘नको. काही हुंगवायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं. आणि नीट बघायचं. आधी काय हललं, मान कुठं गेली, किती मिनिटं. लांबलं तर डॉक्टरला फोन.’’

‘‘आणि तुम्ही तसं पडल्यावर मी घड्याळ बघत बसू?’’

‘‘हो.’’

‘‘डॉक्टर ताई बघायच्या?’’

‘‘बघायची.’’

तिनं पदरानं तोंड पुसलं. ‘‘माझी पोरं म्हणतात मी लई चौकस. बघीन. पण मला भीती वाटंल, सांगून ठेवते.’’

मी म्हटलं, मलाही वाटते.

याला आता दोन महिने झाले. किल्ली तिच्याजवळ आहे. ती सव्वासहाला येते, माझ्या खोलीत डोकावते, मग चहा ठेवते. अजून तिला काही दिसलेलं नाही. सव्वासहाच्या आधी काही होत असेल तर ते कुणालाच माहीत नाही. माझ्या नावाचा केसपेपर दवाखान्यात आहे. त्यावर वय, गोळीचं नाव आणि मात्रा आहे, आणि आधीच्या पंचेचाळीस वर्षांपुढे डॉक्टरनं लिहिलं आहे : पाहणारी बहीण, हयात नाही. मी सकाळी दीड आणि संध्याकाळी दीड गोळी घेते.