सत्काराचं शूटिंग

मी दहावीत असताना गारगोटीच्या आमच्या शाळेत कोल्हापूरहून एक कॅमेरामन आले होते. सिनेमात, टीव्हीवर, कॉम्प्युटरवर कसली कसली कामं असतात ते सांगून ते आम्हा मुलांच्या हातात कॅमेरा देणार होते.

आठवलं की आजही डोकं फिरतं. आधी संस्थेच्या अध्यक्षांना फेटा बांधला, मग उपाध्यक्षांना, मग शाळेशी काडीचा संबंध नसलेल्या गावातल्या पुढाऱ्यांना. प्रत्येकाला शाल, नारळ आणि वर प्रत्येकाचं भाषण. कॅमेरामननी बॅगेतून कॅमेरा काढला, तर अध्यक्ष म्हणाले, "पावणं, आमचं शूटिंग तेवढं घ्या की!"

बिचारे घेत राहिले. मी न राहवून उठले आणि विचारलं, "सर, आम्हाला कॅमेरा कधी मिळणार?"

मुख्याध्यापक खेकसले, "खाली बस! टाळ्या वाजव!"

कॅसेट संपली, शाळा सुटली आणि कॅमेरामन एसटी गाठायला निघून गेले.

पुढच्या आठवड्यात तीच कॅसेट आम्हाला शाळेच्या टीव्हीवर दाखवली, करिअर मार्गदर्शन म्हणून. पडद्यावर नुसते फेटेच फेटे. आम्ही मुलं त्यात कुठंच दिसत नव्हतो. आमच्या फक्त टाळ्या ऐकू येत होत्या.