ताई, हे खरं का?

माझ्या भावाला, विशालला, आजवर तीन गाड्या, एक बंगला आणि मोजता न येणारे पौंड लॉटरीत लागलेत. सगळे ईमेलवर. हातात छदाम आला नाही, पण हौस दांडगी.

विशाल लिफ्ट दुरुस्त करतो, मुलुंडच्या टॉवरांमध्ये. कामात एक नंबर, कारण सीनियरने सांगितलेलं अक्षर न अक्षर पाळतो. या वायरला हात लावायचा नाही म्हटलं, की जन्मात लावणार नाही. घाटकोपरला आईच्याच खोलीत राहतो, बायको मीरा आणि सहा वर्षांची प्रांजल यांच्यासोबत. मी चेतना, त्याची थोरली बहीण. अंधेरीला एका कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या तक्रारींचे मेल वाचते. संध्याकाळी घरी आले की मेल या शब्दाचीच शिसारी येते. आणि नेमका तेव्हाच ह्याचा फॉरवर्ड येणार. खाली चार शब्द : ताई, हे खरं का?

पहिल्यांदा मी शांतपणे समजावलं.

“तिकीट काढलं होतंस?”

“नाही.”

“मग लॉटरी लागली कशी?”

“ईमेल आयडींच्या चिठ्ठ्या टाकल्या, असं लिहिलंय ना त्यात.”

“बरं, तुझं नाव कुठाय? नुसतं ‘प्रिय विजेते’. तुझं नाव ठाऊक नाही आणि गाडी देणार होय रे ते?”

त्याने विचार केला. “घाईत राहिलं असेल.”

घ्या. आता कपाळ बडवायचं तर तेही माझंच. तरी सगळं सांगितलं. पाठवणाऱ्याचा पत्ता बघ, नाव मोठ्या कंपनीचं आणि पत्ता कुठलातरी भलताच. चोवीस तासांत पैसे भर, कोणाला सांगू नको, असं लिहिलं की समज चोर आहे. बक्षीस देणारा तुझ्याकडे पैसे कशाला मागेल? तो मान डोलवायचा. आणि पुढच्या आठवड्यात गल्लीत पावलं टाकून मापं घेत होता, गाडी लागली तर उभी कुठे करायची. पिंपं जरा सरकवाल का, असं शेजाऱ्यांना विचारूनही आला होता.

त्याच हिवाळ्यात मी बसून प्रांजलचा फॉर्म भरला. खाजगी इंग्रजी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा सोडत काढून मिळतात ना, तो. नंबर लागला तर आठवीपर्यंत फी नाही. नाहीतर तसली शाळा आम्हाला फक्त बाहेरून बघायची. मोबाईल नंबर मीराचा टाकला, ईमेल विशालचा. “मेल येईल, वाट बघा,” असं मीच म्हणाले. मीरा रोज संध्याकाळी पोरीला त्या शाळेच्या गेटपर्यंत फिरायला न्यायची. प्रांजल घराच्या दारात उभी राहून ‘मे आय कम इन’ घोकायची, आत ये म्हटल्याशिवाय यायची नाही.

मग एका रविवारी मीराचा फोन आला. विशाल आधार कार्डाचे आणि पासबुकाचे फोटो काढून पाठवायला बसला होता. पौंड जमा करायला हवेत म्हणे. माझं डोकंच सटकलं. फोन त्याला द्यायला लावला.

“विशल्या, नीट ऐक. मेलमध्ये लॉटरी शब्द दिसला की उघडायचा नाही, वाचायचा नाही, उडवायचा. आणि मला परत एकदाही विचारायचं नाही. कळलं?”

“कळलं, ताई.”

फॉरवर्ड बंद झाले. काय ती शांतता. ऑफिसात मी मिरवत होते, गाढवाला शहाणं केलं म्हणून. मधल्या काळात मीराचा नंबर रिचार्जअभावी बंद पडला, तिने नवा घेतला. फॉर्मात जुना आहे हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

भीमजयंतीनंतरच्या आठवड्यात शेजारच्या शुभाकाकू पेढे घेऊन आल्या. त्यांच्या नातवाचा, सर्वेशचा, शाळेच्या लॉटरीत नंबर लागला होता. तुमचं काय झालं, त्यांनी विचारलं. मीराने मला फोन केला. मी हाफ डे टाकून घाटकोपर गाठलं.

“विशाल, शाळेचा मेल आला का?”

“नाही.”

“लॉटरीचा?”

“ते सगळे उडवतो. तू सांगितल्यापासून एकही उघडलेला नाही.” शाबासकीसाठी माझ्याकडे बघत होता.

त्याचा फोन घेऊन मी उडवलेले मेल उघडले. एकतीस होते. तिसांत अभिनंदनाचा नुसता पाऊस. एकात अभिनंदनच नव्हतं. अर्जाचा नंबर, प्रांजल विशाल सोनावणे असं पूर्ण नाव, लॉटरीद्वारे निवड झाली आहे, मूळ कागदपत्रं घेऊन पडताळणीला समक्ष या. एक रुपयाही मागितला नव्हता. मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती.

पडताळणी केंद्रावर गेलो. तिथल्या बिचाऱ्या बाईंनी दोनदा तपासून पाहिलं. जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला गेली होती. “आता काही करता येत नाही हो,” त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

घरी मीरा दारात उभी. मी तोंड उघडायच्या आत विशाल म्हणाला, “माझी चूक. मीच न वाचता उडवला.” माझं नाव घेतलं नाही त्याने. आणि एरवी गल्ली डोक्यावर घेणारी मी, तोंड शिवल्यासारखी उभी राहिले. लाज वाटली. अजून वाटते.

मीराला खरं सांगायला मला आठ दिवस लागले. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली.

“माहीत होतं, ताई. तेव्हा फोन स्पीकरवर होता.”

आणि तिने दुसरी जुडी ओढली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्रांजल आता महापालिकेच्या शाळेत जाते. मी आणि विशाल तिथेच शिकलो. वर्गाच्या दारात ती अजून ‘मे आय कम इन’ विचारते, बाई हसतात.

विशालला मी सांगितलंय, येईल तो प्रत्येक मेल मला पाठवायचा, मग शंभर येऊ देत. तो अर्थातच अक्षर न अक्षर पाळतो. आज सकाळी ऐन कामात पुन्हा एक बंगला आला, खाली तेच चार शब्द. डोकं सटकलं, पण तक्रारी बाजूला ठेवून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, कुठे पोरीचं नाव आहे का बघितलं. मग लिहिलं, “खोटं आहे रे. उडव.”